माझ्या नावाच्या कळ्या

बाय, मागच्या अंगणातला दिवा बंद केला आहे. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तू असतीस तर पहिलं तेच विचारलं असतंस. टायमर काढून टाकला. बटण माझ्या स्वयंपाकघरातून हलवून तुझ्या पडवीच्या दाराशी बसवून घेतलं, मागच्या पायरीवर बसल्या बसल्या हात पोचेल इतकं खाली. वायरमन म्हणाला, "ताई, एवढ्या खाली कोण लावतं?" मी म्हटलं, "आम्ही लावतो. तू लाव." वीस मिनिटांचं काम निघालं. ते मी तीन वर्षं केलं नाही.

तुला जाऊन आज सत्ताविसावा दिवस. समाजाच्या मासिकासाठी तुझी माहिती मागितली होती, ती तुझ्या दिराने, माझ्या विनयने, लिहून दिली. जन्म कुठला, माहेर कुठलं, मागे कोण कोण. आपल्या थोरल्या वहिनीबद्दल आणखी दोन ओळी हव्यात म्हणून त्याने 'मनमिळाऊ स्वभावाच्या' असंही लिहिलं. वाचून मला हसू आलं. तू मनमिळाऊ कधी होतीस? दारात आलेल्या माणसाला तू आधी त्याच्या चपला कुठे काढाव्यात ते सांगायचीस आणि मग ये म्हणायचीस. माझं तर तू तोंडसुद्धा बघितलं नव्हतंस. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतलेस, मला वाटलं, थोरली जाऊ आहे, प्रेमाने काहीतरी बोलेल. तू म्हणालीस, "नखं वाढव थोडी. कळी नखानं खुडतात, बोटानं नाय."

मी विरारच्या फुलपाड्यातली. आमच्या खिडकीतून समोरच्यांचं स्वयंपाकघर दिसे आणि त्यांच्या खिडकीतून आमचं. आकाश बघायचं तर गच्चीची किल्ली मागायला सेक्रेटरीकडे जावं लागे आणि तो कारण विचारे. अशी मी तुमच्या वसईच्या वाडीत आले. पुढे दोन बिऱ्हाडांचं एक घर, मागे केळी, तगर, सोनचाफा, बावखलाच्या तळ्यातलं हिरवं पाणी आणि त्या काठाला कागड्याचे, जुईसारख्या पांढऱ्या फुलांचे, वाफे. पहाटे चारला उठून डोक्याला फडकं बांधायचं आणि अंधारात वाकून कळ्या खुडायच्या. पावणेसहाला पास्कलचा टेंपो दारात यायचा, त्यात आपली करंडी चढली पाहिजे. दादरच्या फूलवाल्याला आपल्या झोपेचं काय? पहिल्या महिन्यात मी उद्याच्या कळ्याही आजच खुडल्या. त्या उमलल्याच नाहीत, आणि फूलवाल्याने निरोप पाठवला, नव्या सुनेला घरी झोपू द्या. तू तो निरोप मला जसाच्या तसा सांगितलास. वर म्हणालीस, "उद्यापास्नं माज्या बाजूच्या वाफ्याला बस. माझी बघ आनि मग तुझी तोड."

तिथून तुझ्या बाजूला बसले ती चोवीस वर्षं बसले. आधी करंडी टेंपोत घालायची, मग डबा भरून सातिवलीला कारखान्यात जायचं, तिथे दिवसभर खोकी मोजून घ्यायची. कारखान्यात बायका विचारत, "नीताताई, तुम्हाला काय गरज हो, पहाटे उठायची?" मी सांगायचे, जाऊ उठते म्हणून उठावं लागतं. हे खरं होतं. पण तू कधी मला हाक मारून उठवलं नाहीस, हेही खरं आहे. फक्त तुझ्या बाजूने बादलीचा आवाज यायचा.

त्या पहिल्याच मार्गशीर्षात एका पहाटे तू दोन वाट्या घेऊन आलीस. तुझी पितळेची, माझी स्टीलची. म्हणालीस, "आज तारे झडनार. जो दिसेल त्याची एक कळी वाटीत. बाकीच्या करंडीत."

मला वाटलं, थट्टा करतेस. तू करत नव्हतीस. तुझं माहेर डोंगराच्या पायथ्याचं, भाताचं. मळणीच्या दिवसांत तुझा बाप खळ्यावर राखणीला झोपायचा आणि तू हट्टाने त्याच्या घोंगडीत. पहाटे तो तुला उठवायचा आणि दर ताऱ्यामागे भाताचा एक दाणा तुझ्या मुठीत ठेवायचा. उजाडलं की मूठ उघडायची, दाणे मोजायचे आणि चिमण्यांना टाकायचे. वाडीत लग्न होऊन आलीस, दाणे राहिले, कळ्या आल्या. वर्तमानपत्रात येतं तसं मिथुन राशी, धूमकेतू, ताशी इतके वगैरे तुला काही ठाऊक नव्हतं. पुढे विनय मोबाईलवर बघून तुला तारीख सांगायला लागला तेव्हा तू त्यालाच सुनावलंस, "माज्या बापाला मोबाईलबिगर कळत होतं. भात मळून झालं, पहाटे दात वाजाय लागले, की बघायचं वर."

मी तेव्हा तुला विचारलं होतं, "बाय, तुटता तारा बघू नये म्हणतात ना? कोणीतरी जातं म्हणे."

तू खुडतच होतीस. "फूल झडलं की कोन मरतं गो? झाड हाय ना जागेवर."

एवढं बोलून तू मान वर केलीस आणि ओरडलीस, "तो बघ! केळींवरनं! बघलंस?"

मी मान वर केली. काही नव्हतं. केळी होत्या आणि काळं आकाश होतं. मी नवी सून, वय पंचवीस, करंडी अर्धीही भरलेली नाही, टेंपो यायला पाऊण तास. मी म्हटलं, "बघितला."

एक कळी तुझ्या वाटीत पडली, एक माझ्या.

इथे मला थांबून कबूल करायचं आहे, बाय. मी त्या पहाटे एकही तारा पाहिला नाही. त्या पहाटे नाही, पुढच्या वर्षी नाही, त्यानंतर कधीच नाही. चोवीस वर्षं मी तुला खोटं सांगितलं. माझी कारणं देते, ती तुला पटणार नाहीत. तू 'तो बघ' म्हणायचीस तोवर तो गेलेला असायचा. माझा चष्मा वाफेने धूसर व्हायचा. माझं सगळं लक्ष खाली, कारण कळी खाली, आणि पायाशी काही सळसळलं तर तेही खाली. शिवाय डोक्यात साडेसातची रिक्षा, डबा, माझ्या ईशाच्या शाळेचा गणवेश, मालाची गाडी. तू विचारलंस की 'बघितला' म्हणून मोकळं व्हायचं, हे सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर तू मला दिसेपर्यंत उभी ठेवली असतीस, हे मी तुला पुरतं ओळखून होते.

आणि मी खोटं नीट बोलायचे. कारखान्यात इतकी वर्षं पुरवठादारांची कारणं ऐकलेली आहेत, कारण कसं असावं ते मला कळतं. चारातल्या एकाला मी म्हणायचे, "छे, हा सुटला बघ." त्यामुळे बाकीचे तीन खरे वाटतात. कधी म्हणायचे, "हा बारीक होता." कधी, "याला शेपूट लांब होतं." तू "हां" म्हणायचीस आणि कळी टाकायचीस. माझी वाटी तुझ्यापेक्षा नेहमी थोडी कमी भरायची. मला वाटायचं, हे फार बेतशीर जमतं आपल्याला.

टेंपो गेला की तू मागच्या पायरीवर बसायचीस आणि केळीच्या सोपाच्या, खोडाच्या सालीच्या, ओल्या धाग्यात दोन गजरे ओवायचीस. तुझ्या वाटीचा तुला, माझ्या वाटीचा मला. माझा मला स्वतः माळू द्यायची नाहीस. "मान खाली कर," म्हणायचीस आणि आकडा असा खोचायचीस की डोळ्यांत पाणी यायचं. त्या दिवशी सातिवलीच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, पुठ्ठ्याच्या आणि गोंदाच्या वासात, दुपारी तीनच्या सुमाराला माझ्या डोक्यावर कागडा उमलायचा. बायका जवळ येऊन हुंगायच्या. "आज काय विशेष?" काही नाही, म्हणायचे मी. न पाहिलेले सोळा-सतरा तारे केसांत घेऊन मी खोकी मोजायचे, आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. एक वर्ष पौर्णिमा आडवी आली, तारे दिसलेच नाहीत तुला, सगळे मिळून पाच. पाच कळ्यांचा गजरा होत नाही. तू माझ्या केसांत पाच कळ्या सुट्या खोचल्यास, त्या ठाण्याहून कारखान्यात आलेल्या साहेबासमोर एकेक करून टेबलावर पडल्या.

आता दिव्याचं.

तो दिवा मी लावला त्याबद्दल मला अजूनही चूक वाटत नाही. हे तुझ्या तोंडावर सांगितलं होतं, आताही सांगते. तुझा पाय बावखलाच्या कडेला घसरून तू चरात पडलीस, पंधरा दिवस लंगडत होतीस. त्याच महिन्यात पलीकडच्या वाडीत घोणस निघाली. तुझं वय वाढत होतं, माझंही. मी कारखान्यातल्या वायरमनकडून भिंतीवर पन्नास वॅटचा दिवा बसवून घेतला, संध्याकाळी सात ते सकाळी सहा, आपोआप लागेल आणि आपोआप विझेल. पहिल्या पहाटे तू बाहेर आलीस आणि दारातच थबकलीस. वाफे पांढरे पडले होते. कळी न् कळी दिसत होती. मला वाटलं, खूश होशील.

"हे काय केलंस?"

"उजेड केला. साप दिसेल आता."

"साप दिसेल गो. पन वरचं सगळं धुऊन टाकलंस."

तिथून आपलं जे सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तू म्हणायचीस, पूर्वेला गोखिवऱ्याच्या दिव्यांनी आकाश आधीच पिवळं झालंय, तिकडचे तारे गेले ते गेले, समुद्राकडचं तेवढं शिल्लक होतं, तेही तू घालवलंस. मी म्हणायचे, तारे वर्षातून एकदा, साप रोज. तू म्हणायचीस, इतकी वर्षं नाय चावला. मी म्हणायचे, चावल्यावर सांगशील का? दादा पडवीत चहा घेत बसलेले असायचे, ते तुझा नवरा असूनही तुझ्या बाजूने बोलायचे नाहीत आणि माझ्याही नाही. त्या वर्षी तू डोळ्यांवर हाताची झापड धरून एका हाताने कळ्या खुडल्यास. चार तारे दिसले तुला. मी त्यातले तीन 'पाहिले'.

दुसऱ्या वर्षी तू युक्ती केलीस. टायमर माझ्या स्वयंपाकघरात, तो तुला कळत नव्हता आणि मला विचारायचा तुला मान आडवा आला. तू पहाटे साडेतीनला जाऊन सगळ्या घराचा मेन स्विचच खाली ओढलास. आणि टेंपो गेल्यावर तो वर करायला विसरलीस. मी अंधारात वाफ्यावर आले तेव्हा मला वाटलं, वीजच गेली आहे. घरात येऊन बघते तर गिझर थंड, मोबाईल बंद, मिक्सरमधलं वाटण वाटायचं तसंच. नेमकी त्या दिवशी कारखान्यात बाहेरून तपासणीला माणसं यायची होती. मी गार पाण्याने आंघोळ करून, तुला नको नको ते बोलून, रिक्षात बसले. तू फाटकापर्यंत मागे आलीस. मला वाटलं, माफी मागतेस. तू म्हणालीस, "गजरा राहिला!" आणि रिक्षाच्या बाजूने हात आत घालून तो माझ्या मांडीवर टाकलास. एकोणीस कळ्या होत्या. मी मोजल्या. रागात होते तरी मोजल्या.

तिसरं वर्ष मागचं. त्याबद्दल मी आजवर तुझ्याशी बोलले नाही, तूही बोलली नाहीस.

आदल्या संध्याकाळी तू स्वतः माझ्या दारात आलीस. कधी नव्हे ते सरळ विचारलंस, "नीते, आजच्या दिवस बंद ठेवशील?" मी म्हटलं, "ठेवते, झोपण्याआधी टायमर काढते." त्या रात्री मालाच्या गाडीला उशीर झाला, मी अकराला घरी आले आणि चपलांसकट पलंगावर पडले. जाग आली ती सहाला. दिवा आपोआप विझला होता. करंडी टेंपोत गेली होती. तू एकटीने सगळे वाफे खुडले होतेस. मागच्या पायरीवर दोन्ही वाट्या धुऊन पालथ्या ठेवल्या होत्या. मी तुझ्याकडे बघितलं, तू म्हणालीस, "चहा टाकू का तुजा?" बस. तू माझं दार का वाजवलं नाहीस, बाय? दोन हाका मारायच्या होत्यास. मी उठले असते, चिडले असते, बटण दाबलं असतं. वर्षभर त्या पालथ्या वाट्या माझ्या डोळ्यांसमोर आहेत आणि वर्षभर मी तुला विचारलं नाही.

या दिवाळीत तू चकलीच्या सोऱ्यावर जोर देत म्हणालीस, "औंदा तरी बघ दिव्याचं." मी म्हटलं, "बघू." आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय ते तुला ठाऊक होतं.

आणि खोटं बोलण्यात तू माझ्यापेक्षा पक्की निघालीस, हेही आज लिहून टाकते. गणपतीनंतर तुला पहिला झटका आला, तेव्हापासून तुझ्या गोळ्यांचा डबा मी भरायचे, सकाळ-संध्याकाळ खणात. रोज कारखान्यातून आल्यावर विचारायचे, "घेतली?" तू म्हणायचीस, "घेतली." डबा रिकामा असायचा. तेराव्यानंतर तुझ्या दोऱ्याच्या डब्यात हात घातला तर सोपाच्या गुंडाळीखाली गोळ्या निघाल्या. फडक्यात बांधून ठेवल्या होत्यास, तुझ्याने काही टाकवत नाही ना. सगळ्या नव्हत्या. निम्म्याहून जास्त होत्या. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका गोळ्या घेऊनही आला असता, सांगता येत नाही. त्यांना माझ्यासमोर तसंच म्हणावं लागलं असेल. मी ते फडकं घेऊन अर्धा तास मोरीवर बसले होते, बाय, आणि तुला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या खोट्याने कोणाचं काही बिघडलं नव्हतं. मला राग आहे. तो आहे, आणि तू नाहीस, त्यामुळे तो माझ्याकडेच राहणार.

तुळशीच्या लग्नानंतर चार दिवसांनी, दुपारी जेवून तू पायरीवर दोरा ओवत बसली होतीस, तिथेच आडवी झालीस. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मी फक्त तुला ठाऊक नाही ते सांगते. सुतकातल्या हाताची फुलं देवाला चालत नाहीत, आणि कळी काही सुतक पाळून थांबत नाही. पहिल्या पहाटे मी खिडकीशी उभी होते, मागे वाफे पांढरेशुभ्र, आणि त्यात कोणीतरी वाकलेलं. ती पास्कलची बायको होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. तेरा दिवस ती स्वतःची वाडी आटपून आपले वाफे खुडत होती. चौदाव्या दिवशी मी गेले तर मला म्हणाली, "बायने मला सांगून ठेवलंय, नीता कच्च्या कळ्या तोडते, लक्ष ठेव." चोवीस वर्षांनंतरही?

दादा पहिले पंधरा दिवस केळींना पाणी द्यायचे आणि येऊन बसायचे. कागड्याच्या वाफ्यात तर त्यांनी जन्मात पाय ठेवला नव्हता, ते तुमचं बायकांचं काम. पण हात कमी पडायला लागले तेव्हा एका पहाटे बघते तर डोक्याला तुझं फडकं बांधून तुझ्या वाफ्यावर वाकले होते. बोटं जाड, एका कळीबरोबर तीन तुटतात. नखं वाढवा म्हणून सांगायचं तोंडावर आलं होतं, गिळलं.

विनयने तारीख सांगितली. काल वायरमन बोलावला. आज पहाटे पावणेचारला मी तुझ्या पडवीच्या दाराशी वाकून बटण दाबलं, आणि सगळं काळं झालं. इतकं काळं की मीच घाबरले. हातातल्या विजेरीला चॉकलेटचा लाल कागद गुंडाळला होता, ईशा म्हणाली की लाल उजेडाने डोळे दिपत नाहीत. पायांत गमबूट घातले. सापाचं तेवढं मी सोडलेलं नाही.

दोन्ही वाट्या घेतल्या. तुझ्या वाफ्यावर दादा, माझ्यावर मी. दहा मिनिटांनी केळींचे शेंडे दिसायला लागले, मग त्यांच्यावरचं एकेक. मी ठरवून आले होते की आज खुडायचं नाही, वर बघायचं. पालथ्या करंडीवर बसले आणि मान मागे टाकली. बाय, माझी मान दुखायला लागली, थंडीने नाक गळायला लागलं, आणि काही झालं नाही. मी मनात म्हटलं, हिने आयुष्यभर काय बघितलं?

तेवढ्यात समुद्राच्या बाजूला एक गेला.

मी तुला ते सांगत बसत नाही, तुला माहीत आहे. एवढंच सांगते की आवाज होईल असं मला वाटलं होतं आणि झाला नाही. मी तोंडावर हात ठेवला. मग एक कळी खुडली आणि स्टीलच्या वाटीत टाकली. टेंपो येईल तोवर जेवढे दिसतील तेवढे बघायचे म्हणून मी पुन्हा मान वर केली ती खाली घेतलीच नाही. दुसरा चाफ्यामागे गेला. तिसरा बारीक होता, खरोखरच बारीक. चौथ्याला मी म्हटलं, "दादा, मला तुम्हाला एक सांगायचंय. मी आजवर बायला खोटं सांगत होते. मला एकही तारा दिसला नव्हता."

दादा वाकलेलेच होते. "तिला माहीत होतं."

"काय?"

"एक वर्ष ढग आले होते बघ, मार्गशीर्षात. सगळं आभाळ भरलेलं, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. ती गंमत म्हणून ओरडली, तो बघ म्हणून. आणि तू म्हणालीस—"

मला आठवलं. मी म्हणाले होते, "अगं बाई, हा तर केवढा मोठा!"

"आत येऊन पदर तोंडात धरून हसली," दादा म्हणाले. "मला म्हनते, नीतानं ढगातून तारा बघला. मी म्हटलं, मग सांग की तिला. तर म्हनाली, नको. तिला मान वर करायला सवड नाय. येते ना पहाटे माज्याबरोबर, मग झालं. तिच्या वाटचं मी बघते."

हे किती वर्षांपूर्वीचं, मी विचारलं. दादांनी हिशेब केला. ईशा पहिलीत होती म्हणाले. ईशा आता नोकरी करते, बाय. म्हणजे पंधरा-सोळा वर्षं तू मला विचारत होतीस, "बघलंस?" मी शेपटं सांगत होते, आणि तू "हां" म्हणून कळी टाकत होतीस. माझ्या त्या वाटीतल्या कळ्या कोणाच्या होत्या मग? तू पाहिलेल्याच ना सगळ्या? तुझ्या वाटच्या तुझ्या आणि माझ्या वाटच्याही तुझ्याच. वर मी चारातला एक सोडायचे, बेतशीर.

मी डोळे पुसले, कारण दिसत नव्हतं, आणि आज मला दिसायला हवं होतं.

पुढच्या अर्ध्या तासात नऊ झाले. टेंपोची वेळ होत आली. पूर्वेला गोखिवऱ्याच्या अंगाने दिव्यांचं पिवळं होतंच आणि मी करंडीवरून उठणारच होते. एवढ्यात डोक्यावरून, पार चाफ्यापासून बावखलापर्यंत, एक मोठा गेला, हिरवट, मागे रेघ ठेवून. मी किंचाळले, "दादा! तो बघा!"

दादा दोन्ही हात कागड्यात घालून वाकलेले होते. तुझं फडकं कपाळावर घसरलेलं. त्यांनी मान तसूभरसुद्धा वर केली नाही.

"बघला?" मी विचारलं.

"बघला, बघला," दादा म्हणाले. "केवढा मोठा."

मी एक कळी माझ्या वाटीत टाकली. मग पितळेची वाटी जवळ ओढली आणि एक तिच्यात टाकली.